भंडारा धुतलेली घोंगडी

शिरूर-दौंडकडे तीन दिवस जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. कोण आजारी होतं? नाहीतर, जमीन घेताय का? तिकडे कुणी काही बघायला जात असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. मी बघायलाच गेलो होतो. निदान निमंत्रणपत्रिकेत तसं छापलं होतं. शिरूरला घोड नदीच्या अंगाला धान्याच्या एका जुन्या गोदामात काही मंडळींनी ‘घोडकाठ कलाघर’ सुरू केलंय. तिथं लोकर आणि घोंगड्यांचं प्रदर्शन दोन महिने चाललं होतं आणि त्याच्या समारोपाला ‘दुर्मीळ घोंगडीचे दाते’ म्हणून माझा सत्कार होता.

ती घोंगडी माझी नव्हती. हे वाक्य लिहायला मला तेरा वर्षं लागली, म्हणून ते सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतर मी प्रदेशवर्णनात शिरेन आणि हुरड्यावर दोन पानं लिहून मोकळा होईन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

दौंड

दौंडला गाडी आली की इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं आणि आलेली गाडी उलटी निघते. नव्या प्रवाशांना वाटतं गाडी परत पुण्याला चालली. माझ्या समोरच्या बाई तर पिशव्या घेऊन उतरायलाच निघाल्या होत्या. मी उतरलो तो इथंच यायचं होतं म्हणून. खरं सांगायचं तर उलटी निघालेली गाडी बघून मला परत फिरायचा मोह झाला होता.

कलाघरात मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेणारे गायकवाड सर दौंडचे. त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, “साहेब, आधी आमच्याकडे या. पोरांचं प्रदर्शन लावलंय. मग शिरूरला बरोबर जाऊ.” स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मी म्हटलं, “कलेचं प्रदर्शन चाललंय ना, त्या केंद्रावर सोडा.” त्यानं माझे पांढरे केस बघितले, बॅग बघितली.

“कलाकेंद्र व्हय? ती हायवेला हायेत काका. लावणीची बारी संध्याकाळी लागती. लई लवकर आलाव.”

“तसलं नाही. मुलांच्या चित्रांचं. समाजमंदिरात.”

“मग आसं म्हना की! गायकवाड सरांचं. माझ्या पोरीनं बी कायतरी मांडलंय तिथं.” आणि तो वाटभर हसत राहिला. भाडं द्यायच्या वेळी म्हणाला, “पोरीला सांगू नगा, म्या काय इचारलं ते.”

समाजमंदिर म्हणजे रेल्वे क्वार्टर्सच्या मागचा लांबट हॉल. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, आणि तिन्ही भिंतींना सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली चित्रं. सरांनी मुलांना विषय दिला होता, ‘घरातली जुनी वस्तू’. मुलांनी चित्र काढायचं, वस्तू आणून चित्राखाली मांडायची आणि पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहायच्या. कुणी केली? कुणी वापरली? इथं कशी आली? कलाघरातली प्रत्येक पाटी अशीच लिहायची, ही सरांची शिस्त.

मी हसत हसत वाचत निघालो. रुळांवरचा हातदिवा होता. त्याची तिसरी ओळ, ‘आजोबा रिटायर झाले तेव्हा जमा करायचा राहिला.’ पितळी डबा होता, ‘आजीने भांडून आणला.’ एक शिवलेली वाकळ होती, अकरा प्रकारच्या लुगड्यांच्या तुकड्यांची. तिच्याखाली गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘शेजारच्या काकूंकडून मागून आणली. उद्या परत द्यायची आहे.’

माझं हसू तिथं थांबलं. दहा वर्षांच्या मुलीला जे पुठ्ठ्यावर लिहिता येतं ते मला येत नव्हतं. आणि मी तर हस्तकला विभागात नोकरीला होतो. वस्तू कुणाची, कुठून आली, हे लिहिण्याचाच पगार घेत होतो.

दुपारी सरांच्या घरी जेवण. ज्वारीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला. वहिनी म्हणाल्या, “तिखट झालं असंल तर सांगा. ह्यांना विचारू नका, ह्यांना रंग सोडून काय कळत नाही.” आमच्या घरी पाहुणा असला की चटणी बेतानं करतात. इथं पाहुण्याला घरचंच वाढतात, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की खूष होतात.

हात धुताना सर म्हणाले, “साहेब, तुमच्या घोंगडीची एक गंमतच झाली. निमोण्याची एक म्हातारी आली होती, बचत गटाच्या बायांबरोबर. तुळसाबाई. काचेला हात लावून उभीच राहिली. म्हणाली, ही आमची. देवाची घोंगडी. रखवालदार हसला तिला, ‘मावशी, समद्या घोंगड्या सारख्याच.’ ती म्हणाली, किनार बघा. तीन लाल धागे हायेत, मधी एक सरला म्हणून तिथं इतभर काळा घातलाय. बघितलं तर खरंच तसं.”

“मग?” मी विचारलं.

“मग तीच म्हणाली, पण आमचीवर भंडारा होता. तीन पिढ्यांचा. पिवळीजर्द होती मधी. ही तर पांढरीफेक हाय. आणि तिनं काचेवरचा हात काढला. मीच समजूत घातली तिची. म्हटलं, आज्जी, एखाद्या विणकराची किनार दोन घोंगड्यांना सारखी येऊ शकते. रडत गेली हो. मला काही बरं वाटलं नाही.”

मी हात पुसत राहिलो. फार वेळ पुसत राहिलो.

न्हावरे

दुसऱ्या दिवशी शिरूरला निघालो ती एसटी न्हावऱ्यात टायर फुटून थांबली. कंडक्टर म्हणाला, “च्या घ्या, भेळ खावा, लगीन लावा. तास तरी जातोय.” रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दूध केंद्रावर कॅनचा खणखणाट, आणि उघड्यावर पसरलेल्या कांद्याचा नाकात बसणारा वास. हॉटेलच्या बाकावर गायकवाड सर माझ्यासमोर बसले, आणि आता पळायला वाट नव्हती.

मी सांगितलं. तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी मी गावोगाव वस्तू गोळा करत होतो. निमोण्यात बाबूआप्पा म्हणून मेंढपाळ होते. मेंढरं मोडून नुकतीच शेती धरलेली. मला बसायला त्यांनी घोंगडी टाकली, हुलग्याचं माडगं दिलं. वर दांडीवर दुसरी एक घोंगडी होती, घडी घालून ठेवलेली. ती देवाची. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, तिला पाय लागू देत नव्हते. घरात कार्य निघालं की ती अंथरायची, तिच्यावर बिरोबाची तळी मांडायची, भंडारा उधळायचा. कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, म्हणजे जावळाची. सूत आप्पांच्या आईनं चातीवर कातलेलं, विणली शिरूरच्या सणगरानं. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. जावळाची लोकर अंगाला टोचत नाही, हेसुद्धा.

मला तीच हवी होती. आप्पांच्या बायको, तुळसाबाई, नको म्हणत होत्या. आप्पा म्हणाले, “सरकारी माणूस हाय. मोठ्या लोकान्ला आपला देव दिसंल.” मी म्हणालो, “पंधरा दिवसांत परत आणतो.”

प्रदर्शनात पिवळा डाग वाईट दिसेल म्हणून मी ती धुवायला टाकली. साबण लागताच पिवळं लालभडक झालं. लाँड्रीवाला घाबरला. मी म्हटलं, उन्हात टाक. चार दिवस गच्चीवर पडली आणि भंडारा उडून गेला. तेव्हा मला ते मोठं शहाणपणाचं काम वाटलं होतं.

प्रदर्शन संपलं. धुतलेली घोंगडी घेऊन निमोण्याला जायला तोंड नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यावर टाकलं. मग पुढच्या महिन्यावर. कुणाकडून तरी लिहून घेतलेली आप्पांची दोन पोस्टकार्डं आली. मी उत्तर दिलं नाही. घोंगडी माझ्या घरी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत राहिली. गेल्या वर्षी कलाघराचं आवाहन वाचलं, ‘जुन्या वस्तू द्या’, आणि मला वाटलं सुटलो! शिरूर म्हणजे निमोण्याचाच तालुका. घरी नाही तर नाही, तालुक्याला परत केली. फॉर्मवर कारागिराचं नाव विचारलं होतं. मी रेघ मारली. नाव लिहिलं असतं तर लोक निमोण्याला विचारायला गेले असते.

सरांनी चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, “पाटीवर ‘कारागीर अज्ञात’ मी लिहिलंय. माझ्या हातानं. आणि त्या बाईची समजूतही मीच काढली.” आवाज चढला नव्हता, पण साहेब म्हणणं बंद झालं होतं. “आमच्या लोकांची नावं लोकांनी खोडली म्हणून मी त्या तीन ओळी सुरू केल्या. आणि माझ्याच हातानं तुम्ही ते करवून घेतलंत.”

“तुम्ही म्हणाल ते मी करीन,” मी म्हणालो.

“मी कशाला म्हणू? तेरा वर्षं कुणी म्हणायची वाट बघत होता का?”

टायर बसलं होतं. कंडक्टरनं घंटी मारली. शिरूरपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो, मध्ये माझी बॅग ठेवून.

शिरूर

कलाघर खरोखर बघण्यासारखं आहे, आणि माझ्या पापाचा त्याला डाग लागू नये म्हणून हे लिहितो. गोदामाच्या मधोमध जमिनीत खड्डा घेऊन माग बसवलाय. त्यात पाय सोडून एक विणकर दिवसभर विणत असतो आणि शाळेची मुलं वाकून बघतात. बाहेर चुलीवर चिंचोक्यांची खळ रटरटत असते. ही खळ धाग्यांना पाजली की घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, आणि पाऊस आत झिरपत नाही. एका कोपऱ्यात मेंढ्या कातरायच्या कात्र्या, दुसऱ्यात चाती. अंगणात धनगरी गजी नाचणारं पथक पायघोळ अंगरखे सावरत ढोल तापवत होतं. एका म्हाताऱ्या नाच्यानं मला रुमाल देऊ केला, “या की सायेब, दोन पावलं टाका. ह्यात काय, चुकलं तरी गोलातच ऱ्हातुय मानूस.”

आणि भिंतीजवळ, काचेच्या पेटीत, दिव्याखाली ती. पांढरी, मऊ पडलेली, खळ धुऊन गेलेली. ‘कारागीर अज्ञात. वापर: पांघरण्यासाठी. इथं कशी आली: श्री. पाटणकर, पुणे यांची भेट.’ तिन्ही ओळी खोट्या होत्या, आणि तिन्ही माझ्या होत्या.

सत्कार सुरू झाला. कलाघराचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली. शाल चकचकीत, नायलॉनची, मागे दुकानाची चिठ्ठी तशीच. शंभर पावलांवर माणूस खड्ड्यात बसून लोकर विणतोय आणि सत्काराला नायलॉन! माझ्या डोक्यात तिडीक गेली. शालीचा राग सोपा असतो. तो निमित्ताला बरा पडला. माईक हातात आला तेव्हा मी म्हणालो, “ती घोंगडी माझी नाही. निमोण्याच्या बाबूआप्पांच्या घरून मी ती पंधरा दिवसांसाठी मागून नेली आणि परत केली नाही. तिच्यावरचा भंडारा मी धुतला. तुळसाबाई इथं येऊन खरं सांगून गेल्या, आणि माझ्यामुळे त्यांना कुणी खरं मानलं नाही.”

पुढचं बोलायच्या आत भाऊंनी हात वर केला आणि ढोल सुरू झाले. लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या पडल्या! मी कबुली दिली आणि त्याला टाळ्या पडल्या. शिव्या पडल्या असत्या तरी माझा इतका अपमान झाला नसता.

ऑफिसात भाऊ भडकले. “पाटणकरसाहेब, आमचं प्रदर्शन म्हंजी तुमचं देवघर हाय का पाप धुवायला? आधी खाजगीत सांगायचं! उद्या प्रत्येक म्हातारी येऊन म्हनंल, ही माझी, ती माझी.”

“प्रत्येक नाही. एकच आली होती.”

“आन् तिनंच सांगितलं न्हवं, भंडारा न्हाई म्हणून?”

“भंडारा नाही तो माझ्यामुळे!” मी ओरडलो. मी कचेरीत बत्तीस वर्षांत कधी ओरडलो नाही. “तिचं खरं होतं. तिला मी खोटं पाडलं. अजून किती वेळा सांगू?”

भाऊ जरा नरमले. माणूस वाईट नव्हता, वस्तू जाऊ नये म्हणून धडपडत होता. “आसं करा. न्या, दाखवा बाईला, दोन दिवसांत परत आणतो म्हणून लिहून द्या.”

“ते वाक्य मी एकदा बोललोय.”

गायकवाड सर तोवर दारात उभे होते. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, ‘ही वस्तू माझी नव्हती. मला ती देण्याचा अधिकार नव्हता. जिची आहे तिला परत नेत आहे, आणि ती इथं पुन्हा येणार नाही.’ खाली सही. भाऊंनी दोनदा वाचलं आणि किल्ली टेबलावर टाकली. सरांनी पेटी उघडली, घोंगडी काढली. मग रिकाम्या पेटीत पाटीवर तिन्ही ओळी खोडून नव्या लिहिल्या, ‘सूत निमोण्याच्या बाबूआप्पांच्या आईचं, विणली शिरूरच्या सणगरानं. वापर: देवाची तळी मांडण्यासाठी. मागून आणली होती. परत दिली.’

“राहू द्या पेटी अशीच,” ते भाऊंना म्हणाले. “हेही बघू द्या लोकांना.”

निमोणे

सकाळी सरांच्या मोटारसायकलवर निघालो. घोंगडी माझ्या मांडीवर. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, पाखरं हाकलायच्या आरोळ्या. हुरड्याचे दिवस. एरवी याचं वर्णन मी केलं असतं.

आप्पा चार वर्षांपूर्वी गेले, हे सरांनी वाटेत सांगितलं; बचत गटाच्या बायांकडून रात्री त्यांना कळलं होतं. माझ्या मनात ते ऐंशी वर्षांचे होऊन ओट्यावर बसलेले होते. मी इतकी वर्षं ज्या माणसाला तोंड दाखवायला भीत होतो, तो नव्हताच.

तुळसाबाई अंगणात तूर बडवत होत्या. मला ओळखलं नाही. घोंगडी ओळखली. बडवणं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, किनार बोटांत धरून त्या काळ्या तुकड्यापर्यंत सरकत गेल्या. मग घोंगडी नाकाशी नेली.

“डांबरगोळ्यांचा वास येतुया,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वर बघितलं. “तुमी ते सायेब.”

“हो.”

“थांबा. आसं न्हाई. तात्याला बोलावते. त्येच्याम्होरं सांगा.”

तात्या म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. शेजारच्याच घरातून आला, मागे भावकीतले आणखी दोघे-तिघे. तुळसाबाई म्हणाल्या, “सांगा आता. इकली व्हती का?”

मला प्रश्न कळायला क्षण लागला. तेरा वर्षं हे लोक असं धरून होते की आप्पांनी देव विकला.

“नाही,” मी म्हणालो. “आप्पांनी विकली नाही. एक पैसा घेतला नाही. माझ्यावर विश्वास ठेवून दिली. मी पंधरा दिवसांत आणतो म्हणालो, आणि आणली नाही. त्यांनी पत्रं पाठवली, मी उत्तर दिलं नाही. भंडारा मीच धुतला. आप्पांची काही चूक नव्हती.”

तुळसाबाई तात्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. “ऐकलंस? आता म्होरं जत्रंत सांग, ऐकलंस म्हणून.”

तात्या खाली बसला. म्हणाला, “जत्रंत पालखीला शिवू दिलं न्हाई म्या त्येला. सख्खा भाऊ. इटाळ झाल्यागत लांब उभा ऱ्हायचा.” मग एकदम उठून माझ्या अंगावर आला, “चल, हाल हितनं! नीघ!” सर मध्ये पडले. मी हललो नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं, आणि तेही स्वार्थानंच.

“तात्या!” तुळसाबाईंचा आवाज. “पाव्हणं हायेत. दारात आलेल्याला उभं घालवत्यात व्हय?”

त्यांनी घोंगडी झटकली. मला वाटलं, आत नेऊन दांडीवर ठेवतील. त्यांनी ती ओट्यावर, दारासमोर, तुरीचा भुसा पडला होता तिथंच अंथरली. चारी कोपरे हातानं सारखे केले.

“बसा सायेब.”

“हिच्यावर?” मी म्हणालो. “मावशी, ही देवाची.”

“व्हती,” त्या म्हणाल्या. “देवाचं तुमी धुऊन काढलं. आता ही नुसती घोंगडी हाय. बसा. च्या टाकते.”

गायकवाड सर खाली मातीतच बसले, भावकीही तशीच. माझ्यासाठी जागा तेवढीच होती. मी चपला काढल्या आणि बसलो.

जावळाची लोकर अंगाला टोचत नाही, अशी माझ्या वहीत नोंद आहे. ती चुकीची आहे.